४.५ मिमी पेलेटची साईझिंग डाय: आरपार की थांब्याची?

मापाड्या

नमस्कार मंडळी. पेलेट साईझिंगबद्दल, म्हणजे एअर रायफलची शिशाची गोळी डायच्या (साच्याच्या) भोकात दाबून मापात आणण्याबद्दल, इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय, पण कुठली डाय नेमकं काय करते आणि काय बिघडवते हे एका जागी सापडत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी हद्द आखून घेऊ. बोलणं ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलपुरतंच. काडतुसं घरी भरण्याचे प्रश्न इथे नकोत. दारूगोळा तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, आणि .२२ रिमफायर तर पुन्हा भरताच येत नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला कडेच्या घडीत असतो आणि ती कड एकदा चेपली की संपलं.

पेलेटला दोन व्यास असतात. पुढचं हेड बॅरलच्या रायफलिंगवर (आतल्या पिळदार खाचांवर) टेकून सरळ चालतं. मागचा स्कर्ट हेडपेक्षा रुंद आणि पातळ असतो, तो हवेच्या दाबाने फुलून बॅरलला चिकटतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. हेडचं काम मार्गदर्शनाचं, स्कर्टचं काम सीलचं. डाय निवडताना ही वाटणी विसरली की पुढचं सगळं चुकतं.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं छापलेलं असतं तो हेडचा नाममात्र आकार. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) पेलेटमध्येही सगळे नग त्याच आकड्यावर बसत नाहीत, स्वस्त पेलेटमध्ये तर एका डब्यात चार-पाच आकार निघतात. डाय घ्यावीशी वाटते ती इथे.

आरपार डाय म्हणजे एक भोक, तोंडाशी थोडा उतार, मागून दांडीने पेलेट ढकलायचा आणि पुढून पाडायचा. झटपट काम होतं, स्वस्त पडते, कुणीही बनवून देतो. पण हेडपाठोपाठ स्कर्टही त्याच भोकातून जातो आणि हेडच्या मापाचा होऊन बसतो. सील करायला उरलेलं जास्तीचं शिसं तिथेच गेलं.

थांब्याच्या डायमध्ये पेलेट हेडपुढे आत जातो, आत थांबा असतो, हेड आवळलं की पेलेट तिथेच टेकतो. स्कर्ट बाहेर राहतो. मग समोरून बारीक पिनने पेलेट मागे ढकलून काढायचा. हात सावकाश चालतो, पण स्कर्टला धक्का लागत नाही. थांब्याची खोली पेलेटच्या आकारावर ठरते. चपट्या हेडच्या मॅच पेलेटची कड आखूड असते, घुमटाकार पेलेटचा टेकणारा भाग मागे असतो. त्यामुळे थांबा आट्यांचा आणि लॉकनटने पक्का होणारा हवा. खोली जास्त झाली तर स्कर्टची कड उताराला घासते आणि डाय आरपारचीच चूक करते.

तिसरा प्रकार डाय म्हणून विकला जातो, पण तो फक्त स्कर्ट गोल करणारा शंकू आहे. प्रवासात चेपलेला स्कर्ट त्यावर हलकेच टेकवून गोल करायचा. आकार कमी होत नाही. तरी तिघांत सर्वांत जास्त लोकांच्या कामाची वस्तू हीच.

माझं मत सरळ आहे: १० मीटरच्या मॅच रायफलला आरपार डाय लावू नये. स्प्रिंग रायफलबद्दल वेगळं म्हणता येईल. ज्यांनी मोजून पाहिलंय त्यांनी लिहा.

रेंजताई

धागा हवाच होता. मुलं शिकायला येतात तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो की डाय घेऊ का, वजनकाटा घेऊ का. आधी कशाने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका ०.५ मिमीचा. दशांश गुणांत एक पायरी म्हणजे ०.२५ मिमी. पेलेटचा मध्य केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत तर १०.९, आणि २.५ मिमीच्या आत असेल तोवर किमान १०.०. मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने सोडते, म्हणजे ऊर्जा साडेसात-पावणेआठ ज्यूल. १० मीटर जायला ०.०६ सेकंदाच्या किंचित वर वेळ लागतो आणि तेवढ्यात पेलेट सुमारे १८ मिमी खाली येतो.

आता वजनाचं बघा. ५ मिलिग्रॅम म्हणजे वजनात जवळपास १ टक्का. ऊर्जा तीच धरली तर वेग अर्धा टक्का बदलतो, पडणं १ टक्का बदलतं, म्हणजे ०.१८ मिमी. दशांशाची एक पायरीही नाही. आणि चांगल्या लॉटमध्ये (एका खेपेत बनलेल्या मालात) ५ मिलिग्रॅमचा फरक क्वचितच निघतो. त्यामुळे १० मीटरसाठी पेलेट एकेक करून तोलत बसण्याने फारसं हाती लागत नाही. अर्धवट भरलेला, पोकळी राहिलेला नग काढायला काटा चालतो, एवढंच.

वेग मात्र १ टक्क्याने हलला तर वर-खाली ०.३५ ते ०.४ मिमी, म्हणजे दीड पायरी. सील बिघडलं की नेमका वेग हलतो. मापाड्या म्हणतात तो आरपार डायचा तोटा गुणपत्रिकेवर असा उतरतो: आडवा पसारा तसाच, उभा पसारा वाढलेला. लक्ष्यावर उभी रेघ दिसली की आधी वेग मोजा, नेमबाजाच्या श्वासावर खापर नंतर फोडा.

मॅचसाठी क्रम माझ्या मते असा: आपल्या बॅरलला आवडणारा लॉट शोधा, तो लॉट जास्त घ्या, चेपलेले नग बाजूला काढा. डाय या यादीत मला दिसत नाही.

कुडाळकर_झील

ताई, मापाड्या, बरा लिवलास. माका एक सांगा, ही डाय कुडाळाक एमआयडीसीत करून गावतली काय? आनी माझ्याकडे डिजिटल व्हर्निअर आसा, ०.०१ दाखवता. त्याच्यान हेड मोजून चलात ना?

मापाड्या

@कुडाळकर_झील, व्हर्निअर ०.०१ दाखवतो, पण त्याची अचूकता साधारण ±०.०२ असते. ४.४९ आणि ४.५१ वेगळे करायला तो पुरत नाही. वर शिसं मऊ. जबडे जरा जोरात लागले की कड चेपते आणि आपण मोजतो ती आपलीच खूण. मायक्रोमीटर रॅचेटने वापरला तरी हेडच्या पातळ कडेवर तेच होतं.

याला उपाय म्हणजे भोकांची गेज प्लेट. ०.०१ मिमीच्या पायऱ्यांनी पाडलेली भोकं असतात. पेलेट हेड खाली करून सोडायचा, दाबायचा नाही. ज्या भोकात हेड आपल्या वजनाने उतरतं आणि त्याआधीच्या बारीक भोकात अडतं, तो त्याचा आकार. प्लेट किंचित तिरकी धरून हलकी टिचकी मारली तर कडेला अडकलेले नग फसवत नाहीत. हाताला सवय झाली की काम भराभर होतं.

उन्हाळ्यात शिसं फुगतं म्हणून माप चुकतं, असंही विचारलं जातं. १० अंशांच्या फरकाने ४.५ मिमीचं शिसं साधारण ०.००१३ मिमी वाढतं. गेजच्या एका पायरीचा आठवा हिस्सा. सोडून द्या.

डाय बनवण्याचं खेर्डीवाले सांगतील.

लेथवाला_खेर्डी

सांगतो. कुडाळ, खेर्डी, मिरजोळे, कुठल्याही एमआयडीसीत चांगला टर्नर ही डाय करेल, पण ड्रॉइंगवर नुसतं "४.५० रीम" लिहून देऊ नका. रीम म्हणजे ड्रिलने पाडलेलं भोक रीमर फिरवून मापात आणणं. ४.५० चा एच७ रीमर घेतला तर त्या मापाला एच७ ची सूट (चालणारा फरक) शून्य ते +०.०१२ आहे. म्हणजे भोक ४.५०० येईल किंवा ४.५१२, दोन्ही "बरोबर". तुमची अख्खी पायरी ०.०१ ची. ज्या वस्तूत ०.०१ वर खेळ आहे तिथे एच७ लिहिणं म्हणजे आकार नशिबावर सोडणं. एच६ ला +०.००८, एच५ ला +०.००५. तिथपर्यंत जायचं तर रीम करून भागत नाही, लॅप करावं लागतं, म्हणजे पेस्टने सावकाश घासावं लागतं.

पद्धत अशी. ४.३ ने ड्रिल, ४.४८ च्या रीमरने रीम, वेग ४०० आरपीएमच्या आसपास आणि भरपूर कटिंग ऑइल. मग तांब्याच्या किंवा पितळी लॅपवर डायमंड पेस्ट लावून सावकाश मापात आणायचं. दर थोड्या वेळाने पूर्ण धुऊन पिन गेज (नेमक्या मापाची दांडी) घालून बघायचं. ४.५० ची पिन गेली आणि ४.५१ ची अडली की थांबा. तोंडाचा उतार आणि भोक एकाच चकिंगमध्ये काढायचं. जॉब उलटा पकडून उतार काढला की दोघांचा मध्य सरकतो आणि हेड एका बाजूने जास्त चेपलं जातं. असा पेलेट डोळ्याला छान गोल दिसतो, पण त्याचा वजनाचा मध्य अक्षावर राहत नाही. उडताना तो डोलतो.

समांतर भाग २ ते ३ मिमी पुरे. लांब ठेवला तर काही मिळत नाही, घर्षण वाढतं. उतार लांबट आणि आरशासारखा घासलेला हवा. उतार आखूड असेल तर शिसं आवळण्याऐवजी खरवडलं जातं. भोकाच्या तोंडाशी चंदेरी चुरा जमत असेल तर समजा डाय कापतेय.

धातू कुठला? किनाऱ्यावर लोक पटकन "एसएस" म्हणतात. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस रीम करताना धातू कापता कापताच कडक होत जातो, टूल घासतं, पृष्ठभाग ओढल्यासारखा येतो. ४१६ सुंदर कापला जातो, पण त्यात गंधक असतं आणि खाऱ्या हवेत तो ३०४ इतका टिकत नाही. ईएन३१ (बेअरिंगचं स्टील) कडक करून लॅप केली तर कायमची, पण हार्डनिंगनंतर भोक काही मायक्रॉन हलतं म्हणून लॅपिंग शेवटी, आणि तेलात ठेवली नाही तर पावसाळ्यात गंज. एका माणसाच्या वापराला मी फ्री-कटिंग पितळ किंवा गनमेटल सांगेन. गंजत नाही, रीम गोड होतं, आणि शिसं पितळाला झिजवत नाही. पितळ झिजवते ती पेलेटला चिकटलेली वाळू. आधी पेलेट धुतला नाही तर किनाऱ्यावरची बारीक वाळू भोकात ओरखडे काढते.

ढकलायची दांडी स्टीलची नको. नायलॉन किंवा डेलरिनची (कडक प्लास्टिकची), टोक गोलसर, स्कर्टच्या पोकळीत सैल जाईल अशी. ती हेडच्या आतल्या बाजूला टेकली पाहिजे. स्कर्टच्या कडेवर दाब दिला की स्कर्ट दुमडलाच म्हणून समजा.

बंदरपाखाडी

उत्तम माहिती. एक जोड देतो. परदेशात परवान्याने रायफलची काडतुसं भरणारे लोक डायवर जे बोलतात ते वाचून आपल्याकडे गैरसमज होतात, म्हणून दोन्हींतला फरक.

तिथे डाय पितळी केसवर, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यावर चालते. गोळी सुटताना केस चेंबरभर फुगते, डाय तिला परत आवळते. फुल-लेंग्थ डाय अख्खी केस आवळते, नेक डाय फक्त मान. बुशिंग डायमध्ये मानेचं बुशिंग (आतलं कडं) ०.००१ इंचाच्या पायऱ्यांनी बदलता येतं, म्हणजे ०.०२५ मिमी. ली कंपनीच्या कॉलेट डायमध्ये मान आतल्या मँड्रेलवर (दांडीवर) बाहेरून दाबली जाते, त्यामुळे मानेच्या आतून ओढत बाहेर येणारा एक्स्पांडर बॉल लागतच नाही. तो बॉलच पुष्कळदा मान वाकडी करतो. बोल्ट अॅक्शन (हाताने कडी ओढून भरायच्या) रायफलला केसचा खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे ढकलला की पुरतो, त्याहून जास्त ढकलला तर केसचं आयुष्य घटतं.

पितळ दर आवळणीला कडक होत जातं आणि डायमधून निघाल्यावर थोडं परत फुलतं. म्हणून तिथे अॅनीलिंग (तापवून मऊ करणं) आहे, आणि एकच डाय जुन्या-नव्या केसला वेगळं माप देते. आपलं शिसं एकदाच आवळायचं, एकदाच सोडायचं. शुद्ध शिसं जवळपास परत येत नाही, अँटिमनी घातलेलं किंचित येतं. त्यामुळे त्यांच्या अर्ध्या कटकटी आपल्याला लागूच नाहीत.

तत्त्व मात्र एकच: जेवढं आवळणं गरजेचं तेवढंच आवळा, आणि अक्षात आवळा. त्या दृष्टीने आपली थांब्याची डाय म्हणजे त्यांची नेक डाय.

टिनच्या, शिसेविरहित पेलेटना डाय लावू नका. ते कडक असतात, दांडी वाकते आणि पेलेट भोकात अडकून बसतो.

गुहागरचा_नेम

मॅच रायफलबद्दल रेंजताई आणि मापाड्यांशी सहमत. पण आरपार डायला सरसकट बाद करू नका. १५ ते १९ ज्यूलच्या स्प्रिंग रायफलचं गणित निराळं आहे.

स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन पुढे झेपावतो आणि दाब एकदम चढतो. तो धक्का स्कर्टला पुन्हा फुलवायला पुरेसा असतो, ०.०५ मिमी आवळलेला असला तरी. तिथे खरी अडचण पेलेट किती दाबावर हलतो याची आहे. घट्ट पेलेट उशिरा सुटतो, सैल पेलेट लवकर. सुटण्याची वेळ बदलली की पिस्टनची उसळी बदलते, रायफल वेगळी उडते आणि ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) फाकतो. सैल पेलेटवर तर पिस्टन पुरेशा हवेच्या गादीशिवाय आदळतो आणि पिस्टनच्या सीलचं नुकसान होतं. म्हणून स्प्रिंग रायफलमध्ये पेलेट एकसारखा घट्ट असणं हे अचूक आकड्यापेक्षा महत्त्वाचं. ब्रीचमध्ये (बॅरलच्या मागच्या तोंडात) अंगठ्याने बसवताना दहा पेलेट दहा तऱ्हांचे लागत असतील तर डाय मदत करते.

पण भोक हेडच्या मापाचं घेऊ नका. रुंद आरपार डाय घ्या, फक्त स्कर्ट एकसारखा करणारी, हेडला न शिवणारी. आधी पाचपन्नास पेलेटचे स्कर्ट बघा, सर्वांत लहान स्कर्टच्या जवळचं माप निवडा. मग मोठे स्कर्ट खाली येतात, लहान तसेच जातात.

आणखी एक. ४.५२ चा पेलेट ४.४९ च्या डायमधून काढणारे आहेत. एका वेळी ०.०१, फार तर ०.०२. त्याहून जास्त आवळलं की शिसं मागे सरकतं आणि हेडच्या कडेमागे वरवंडी (उंचवट्याची कड) तयार होते. बॅरलमध्ये टेकते ती मग ही वरवंडी, आणि ती सगळीकडे सारखी नसते.

मापाड्या

@गुहागरचा_नेम, रुंद आरपारचा मुद्दा मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमधलं "आरपार" म्हणजे हेडच्या मापाची, हे तिथे स्पष्ट हवं होतं. वाचणाऱ्यांनी तसंच घ्यावं. बाजारात "४.५० साईझर" म्हणून मिळते ती जवळजवळ नेहमी हेडच्या मापाची आरपारच असते, हेही लक्षात ठेवा.

दशांशनऊ

डायने फरक पडला की नाही हे कसं ठरवायचं? पाच गोळ्यांचा एक ग्रुप आधीचा, एक नंतरचा, लहान आला म्हणजे डाय चांगली, असं सगळीकडे चालतं.

रेंजताई

तसं ठरवूच नये. पाच गोळ्यांचा ग्रुप फार डोलतो. काहीही न बदलता, त्याच लॉटचा पुढचा ग्रुप आधीच्याच्या दीडपट सहज येतो. त्यावर खरेदी करायची म्हणजे नाणं उडवणं.

एकच डबा घ्या, त्याच लॉटचा. गेज प्लेटवर मोजून एका आकाराचे नग वेगळे करा आणि ते दोन वाटे करा, एक डायमधून काढलेला, एक तसाच. अशाने डायचाच परिणाम दिसतो, आकाराच्या मिसळीचा नाही. दुसऱ्या वेळी न निवडलेल्या पेलेटवर तोच प्रयोग करा, मग डाय मिसळ किती भरून काढते ते कळेल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

रायफल क्लॅम्पमध्ये, नाहीतर भक्कम रेस्टवर. सुरुवातीला पंधरा-वीस गोळ्या नुसत्या मारायच्या, बॅरलमध्ये त्या पेलेटचा थर बसू द्यायचा. मध्ये बॅरल साफ करायची नाही. मग दहा-दहाचे ग्रुप, दर ग्रुपला नवा कागद. क्रम: तसाच, डायचा, डायचा, तसाच, आणि हेच पुन्हा. आधी सगळे एकाचे आणि मग दुसऱ्याचे मारले तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा उतरता दाब किंवा तापत जाणारी दुपार निकालात शिरते. प्रत्येकी चार ग्रुप झाले की सर्वांत लांबच्या दोन भोकांचं अंतर मोजण्याऐवजी प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्या. एक वेडावाकडा फटका मग सगळा निकाल खाऊन टाकत नाही. सोबत क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) असेल तर वेगाची नोंद प्रत्येक गोळीची ठेवा.

सरासरीत ०.१ मिमीपेक्षा कमी फरक आला तर फरक नाही असंच धरा.

दांडी_किनारा

या चाचणीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट घुसते: पाणी. जुलैत हातपंपाने सिलिंडर भरून डायची चाचणी करणाऱ्यांसाठी हिशेब देतो. ३० अंशांना ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. पाव लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला सुमारे ५० लिटर हवा लागते, म्हणजे सव्वा ग्रॅम पाणी. त्यातलं काही पंपाच्या सापळ्यात राहतं, बाकीचं आत. रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात) ओल गेली की वेग सरकू लागतो आणि दोष नव्या डायवर जातो. पंप वापरायचाच तर थोडं भरून थांबा, पंप थंड होऊ द्या, ब्लीड (हवा सोडायची चावी) उघडून पाणी काढा, मग पुढे. मालवण-तारकर्लीकडच्या लोकांना सोपा मार्ग म्हणजे डायव्हिंगची टाकी. तिथल्या कॉम्प्रेसरवर ओल शोषणारा फिल्टर असतो. योग्य अॅडॅप्टर लावा आणि सिलिंडरवर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नका. सिलिंडरची मुदत संपली असेल तर भरूच नका. जोडणीच्या आट्यांना किंवा ओ-रिंगला खनिज तेल, ग्रीस काही लावायचं नाही. दाबाखालच्या हवेत तेल पेटतं. सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं.

दुसरं, पेलेटवरचा पांढरा थर. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड यांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. आम्लाची वाफ असेल तर फारच लवकर. लाकडी पेटीतून अशी वाफ सतत येत असते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉन सीलंटने डबा बंद करणारेही आहेत, तोही तोच उद्योग करतो. भुकटी धरलेला पेलेट डायमधून काढून "नवा" होत नाही. थर आधीच शिसं खाऊन झालेला असतो, आणि भुकटी हाताला, नखांत, श्वासात जाते. टाकून द्या, वेगळ्या बरणीत.

चांगले पेलेट मूळ पत्र्याच्या डब्यातच, डब्यातला स्पंज काढून (तो ओल धरतो), असे दोन-तीन डबे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सोबत सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरा.

कुडाळकर_झील

समाजला. खोबरेल लावून ठेवल्यार चलात? घरात तांच आसता.

दांडी_किनारा

नको. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, डिसेंबरच्या सकाळी पेलेटवर मेणासारखं बसेल. शिवाय ते खवट होतं म्हणजे त्यात आम्लं सुटतात, आणि आम्लांचं शिशाशी जमत नाही हे वर आलंच.

लेथवाला_खेर्डी

तेलाचा विषय निघालाच आहे तर डायच्या वेळचं सांगतो. पेलेट कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा थेंब टाकून हलकेच हलवायचे, दोनदा खळखळून धुवायचे, जुन्या सुती कापडावर पसरून पूर्ण वाळवायचे. हे भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. डायच्या भोकात कापसाच्या काडीने सिलिकॉन तेलाचा पुसट हात, तेवढ्यावर बरेच पेलेट निघतात. पेलेट करकरत गेला किंवा दांडीला जोर जास्त लागू लागला की थांबून भोक बघा. शिशाचा पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. रॉकेलमध्ये बुडवलेल्या कापसाने निघतो. वायर ब्रश, सँडपेपर बिलकुल नाही. लॅप केलेलं माप एका झटक्यात जाईल.

स्प्रिंग रायफलवाल्यांनी साईझ केलेले पेलेट पुन्हा कोरड्या कापडात फिरवून घ्या. जास्तीचं तेल पिस्टनपुढे जाऊन पेटतं, आवाज मोठा येतो, वेग भलताच वाढतो आणि सील जळतं.

काम झाल्यावर टेबल ओल्या कापडाने पुसा, झाडू मारू नका. हात साबणाने. पेलेट ओठांत धरायची सवय असेल तर आजपासून बंद.

दशांशनऊ

शेवटचा प्रश्न. बॅरलला कुठलं माप आवडतं हे चाचणीआधी अंदाजाने कळतं का? नाहीतर ४.४९ पासून ४.५२ पर्यंत सगळं विकत घ्यावं लागेल.

मापाड्या

थोडं कळतं. रायफल रिकामी आहे, सिलिंडर काढलाय किंवा स्प्रिंग ताणलेली नाही, हे आधी पाहा. मोठ्या हेडचा, ४.५२ चा मऊ पेलेट घ्या, तेलाचा हात लावा आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या रॉडने ब्रीचकडून सावकाश ढकला. हाताला लागणारा जोर लक्षात ठेवा. सुरुवातीला रायफलिंग धरताना घट्ट, मग एकसारखं, आणि शेवटी तोंडाशी पुन्हा घट्ट लागलं तर बॅरलला चोक आहे, म्हणजे तोंडाशी नळी मुद्दाम अरुंद केलेली आहे. चोक असेल तर हेडच्या ०.०१ चा फरक तिथे बराचसा पुसला जातो, कारण शेवटचं साईझिंग बॅरल स्वतःच करते. अशा रायफलला हेडची डाय घेण्यात अर्थ नाही. मध्येच एखाद्या जागी ढिलं लागलं तर तिथे बॅरल रुंद आहे, आणि ते कुठल्याच डायने सुधारत नाही.

निघालेल्या पेलेटच्या हेडवर रायफलिंगच्या खुणा भिंगातून बघा. सगळीकडे सारख्या आणि उथळ असतील तर त्याहून एक पायरी लहान मापापासून सुरू करा. खुणा खोल आणि त्यांच्यामागे शिसं ओढलेलं असेल तर दोन पायऱ्या लहान. एका बाजूलाच खुणा असतील तर पेलेट तिरका शिरलाय, नव्या पेलेटने पुन्हा करा. यातून चार मापांची दोन होतात. त्या दोन मापांचे एकेक डबे घेऊन ताईंनी सांगितलेली चाचणी करा, डायचा विचार त्यानंतर.